असगंधाची एक फांदी

आमच्या खोलीत दोन टेबलं होती. खिडकीजवळचं तिचं आणि दाराजवळचं माझं. मी तिच्या एक वर्ष आधी पीएच.डी.ला लागले होते, तेव्हा न्यायाने खिडकी माझी. पण मी आले तेव्हा खिडकीचं तावदान फुटलेलं होतं, कबुतरं आत येऊन टेबलावर घाण करायची, म्हणून मीच दाराजवळ बसले. ती आली आणि आठवड्याभरात नवी काच बसली. हे सगळं मला आज, केस पांढरे झाल्यावरही, इतकं तपशिलात आठवतं, यावरून माझा स्वभाव काय तो ओळखावा.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. उज्जैनमध्ये घरोघरी केबल आली होती, देवास गेटला चहाच्या टपऱ्यांच्या मधोमध एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, आणि गावाबाहेर जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यांना तोवर कुणी विचारत नसे. माझे मामा मला ‘आमची घासफूसवाली’ म्हणायचे. मग वर्तमानपत्रांत हळदीच्या पेटंटचं भांडण गाजायला लागलं आणि एकाएकी आम्हाला भाव आला. औषधकंपन्यांची माणसं टाय लावून विभागात यायची, असगंधाबद्दल विचारायची. असगंध म्हणजे अश्वगंधा. आमच्या माळव्यातलं पीक. आमचे गाइड, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते सांगायचे की आता नुसतं आजीबाईंचं म्हणणं चालायचं नाही, प्रत्येक गोष्टीला पुरावा लागेल.

पुरावा म्हणजे आमचं काम. मुळं सावलीत वाळवायची, कुटायची, त्यांचा अर्क काढायचा, तो थेंबाथेंबाने काचेच्या पट्टीवर टाकायचा आणि डाग कसा उमटतो ते बघायचं. डाग जितका ठळक तितकं मूळ कसदार. माझी मुळं मंडीतून आणलेली असत आणि माझे डाग असे यायचे की पट्टी उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसू नयेत. तिचे डाग दारातून दिसायचे. सर येता-जाता तिच्या टेबलाशी थांबायचे आणि म्हणायचे, हिच्या हाताला गुण आहे. मी दाराजवळ असल्यामुळे आत येताना ते माझ्यावरूनच जात. थांबत मात्र नसत.

ती माझ्यापेक्षा दीड वर्षाने लहान होती आणि मला ताई म्हणायची. आम्ही दोघी मराठी, पण आमच्यात फरक होता. माझे वडील बँकेतले, साताऱ्याकडून बदलीवर आलेले आणि इथेच राहून गेलेले. तिचे पूर्वज कुठल्याशा सरदाराबरोबर आले होते, त्याला दोन-अडीचशे वर्षं झाली. रामघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत तिच्या वडिलांचा दवाखाना होता. ते वैद्य. पोट बिघडलेल्या यात्रेकरूंना चूर्णाच्या पुड्या द्यायचे. ही शाळेत असल्यापासून वर्तमानपत्राच्या चौकोनात पुड्या बांधत आलेली, म्हणूनच बहुतेक तिची बोटं इतकी नेमकी चालायची. माझ्या आईला ती फार आवडायची. आमच्याकडे आली की आई थालीपिठाची खरपूस कड तोडून तिच्या ताटात वाढायची. ती कड लहानपणापासून माझी. “तुला रोजच मिळते,” असं आई म्हणायची. रोज थालीपीठ होत नसे, हे आईलाही माहीत होतं.

एवढंच असतं तर मी तिचा नुसता राग राग केला असता आणि विषय संपला असता. पण ती मला आवडायचीही. तिच्याबरोबर पोहे खायला गेलं की ती स्वतःच्या प्लेटमधली शेव माझ्या प्लेटमध्ये सरकवायची, आणि मी ती खाताना मनात म्हणायचे, हिला शेवही नको असते. कशाचीच हाव नसलेल्या माणसाशेजारी बसणं सोपं नसतं.

त्या वर्षी श्रावण संपता संपता तिला ते झाड सापडलं. रामघाटावरून काठाकाठाने वर बरंच चाललं की कुणाच्याशा समाधीवरची एक पडकी छत्री होती. तिच्या मागच्या दरडीवर रानटी असगंधाची पाचसहा झुडपं उगवली होती. ठेंगणी, राखाडी पानांची, कागदी पिशवीत लाल मणी ठेवावा तशी फळं असलेली. तिने एक झुडूप बाजूने उकरून बघितलं तर मूळ अंगठ्याएवढं जाड. शेतातल्या असगंधाचं करंगळीएवढं झालं तरी शेतकरी खूश होतो. सरांना सांगितलं तेव्हा सर खुर्चीतून उठून उभे राहिले. दोन वर्षांत मी त्यांना माझ्या कुठल्याही बातमीवर उठताना बघितलं नव्हतं.

मुळं आणि फांद्या आणायला मी तिच्याबरोबर गेले. सकाळी खणायचं होतं, पण ती म्हणाली आदल्या संध्याकाळी जाऊन यावं लागेल. मला वाटलं काही मोजायचं असेल. तिने पिशवीतून अक्षता काढल्या आणि हळदीत बुडवलेला दोरा. औषधी झाड उपटायचं तर आदल्या दिवशी त्याला निमंत्रण द्यायचं, अशी तिच्या घरची रीत होती. तिचे वडील न बोलावलेली मुळी खलात घालत नसत. ती उकिडवी बसली, झुडपापाशी अक्षता ठेवल्या आणि अगदी नेमस्त आवाजात म्हणाली, उद्या सकाळी न्यायला येऊ, आपण यावं. मी हसले. म्हटलं, एवढा आदर तर तू सरांनाही देत नाहीस. तीही हसली, पण बुंध्याला दोरा गुंडाळून तिने त्याची टोकं माझ्यापुढे केली.

“तू पण एक गाठ मार ना, ताई. जे बोलावतात, झाड त्यांचं असतं. बाबांचा कायदाच आहे तसा.”

मी गंमत म्हणून गाठ मारली. बोटं पिवळी झाली ती साडीलाच पुसली, आणि घरी आईचं बोलणं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तीन झुडपांची मुळं खणली आणि फुलाफळांसकट चार फांद्या तोडल्या. फांद्या कशाला, ते सांगते. मुळाची भुकटी झाली की ती कुठल्या झाडाची हे देवही सांगू शकणार नाही. म्हणून त्याच झाडाची फांदी दाबून, वाळवून, जाड कागदावर शिवून ठेवायची, खाली लेबल लावायचं, कुणी तोडली, कुठे, कधी. त्याला आम्ही शीट म्हणतो. शीट नसेल तर सगळ्या संशोधनाला कुणी विचारत नाही. फांदी दाबायची ती प्रेसमध्ये, म्हणजे लाकडी जाळीच्या दोन चौकटी, मधे वर्तमानपत्रांच्या घड्या आणि वरून आवळलेले पट्टे. तिच्या प्रेसमध्ये आधीच बरंच काही भरलेलं होतं. तीन फांद्या कशाबशा मावल्या. चौथी तिने माझ्या प्रेसमध्ये ठेवली. मग दगडावर बसून ती आपल्या वहीत काहीतरी लिहीत बसली. मी पलीकडच्या काठावर डुंबणाऱ्या म्हशी बघत होते. तिची वही बघावी असं मला वाटलं नाही. तिचं अक्षर इतकं सुरेख होतं की मी ते शक्यतो बघायचंच टाळत असे.

त्यानंतर चार दिवसांनी, ऐन पितृपक्षात, तिच्या वडिलांचं डावं अंग गेलं. घाटावर श्राद्धाची गर्दी, गल्लीत गाडी शिरेना. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून इंदूरला नेलं. दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला म्हणून ती परत आली आणि बस पकडण्याआधी विभागात डोकावली. हातात वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. गठ्ठा तिने आपल्या प्रेसशेजारी ठेवला. “कागद रोज बदलशील ना, ताई? हवा फार ओली आहे.” मी तिचा हात धरून म्हटलं, तू प्रेसची काळजी करू नकोस. त्या क्षणी मी ते मनापासून म्हटलं होतं, एवढं मला स्वतःच्या बाजूने सांगू द्या.

कागद बदलणं म्हणजे काही मोठं काम नाही. फांदीतली ओल कागदात उतरते, म्हणून पट्टे सोडायचे, ओले कागद काढायचे, कोरडे घालायचे, पट्टे आवळायचे. दोन प्रेसना मिळून अर्धा तास लागतो. नाही बदलले तर तीच ओल परत झाडात जाते आणि बुरशी धरते. पहिल्या दिवशी मी माझे बदलले, आणि तिने सकाळीच येऊन बदलले असतील असं धरून चालले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिसऱ्या दिवशी सरांनी मला आत बोलावलं.

दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं होतं. दोन वर्षांची पाठ्यवृत्ती, परदेशातून आलेलं नवं यंत्र, राहायला खोली. विभागातून एकच नाव पाठवायचं होतं, दसऱ्याच्या आत. जाणाऱ्याने आपली मुळं आणि त्याच झाडाची शीट बरोबर आणायची. उज्जैनच्या बाहेर पडायची मला किती घाई होती, ते कसं सांगू. घरी स्थळं बघणं सुरू झालं होतं, आणि त्या वर्षी काही झालं नाही तर माझं संशोधन लग्नाच्या जेवणावळीत संपणार हे मला स्वच्छ दिसत होतं. सर चष्मा पुसत म्हणाले, हिचंच नाव पाठवतो, तुला काय वाटतं? मला विचारलं त्यांनी. मी म्हटलं, छानच होईल सर.

खोलीत परत आले. माझ्या प्रेसचे पट्टे सोडले, कागद बदलले, पट्टे आवळले. मग तिच्या प्रेसकडे बघितलं. शेजारी तो गठ्ठा होता. त्याची गाठ दवाखान्यातली होती, पुड्यांना मारतात ती, दुहेरी फासाची, एका ओढीत सुटणारी. मी गाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. उद्या बघू, असं म्हटलं.

विसरले असते तर मी आज हे लिहायला बसले नसते. मला रोज आठवत होतं. रोज दुपारी मी माझे कागद बदलायची आणि तिच्या प्रेसकडे पाठ करून पट्टे आवळायची. पाऊस म्हणावा असा नव्हता, झिमझिम होती, भिंतींना ओल सुटलेली. सातव्या-आठव्या दिवशी खिडकीकडून बुरसट वास यायला लागला. त्या वासाने मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. पण मी खिडकीही उघडली नाही. त्याच आठवड्यात वर कुठेतरी जोराचा पाऊस होऊन क्षिप्रा चढली. घाटाजवळचा छोटा पूल पाण्याखाली गेला आणि पडक्या छत्रीमागची दरड नदीने नेली, झुडपांसकट. आता त्या झाडाचं जगात जे काही उरलं होतं ते सरांच्या कपाटातल्या मुळांच्या डब्यात आणि आमच्या दोन प्रेसमध्ये.

बाराव्या दिवशी ती आली. डोळे सुजलेले, अंगावर तीच साडी. वडील वाचले होते, पण डावा हात आणि बोलणं गेलं होतं. मला हे सांगता सांगताच तिने प्रेसचे पट्टे सोडले. पहिला कागद उचलला तोच पानं त्याला चिकटून आली. हिरवट-पांढरी लव सगळ्यावर पसरली होती. तिन्ही फांद्या काळ्या पडल्या होत्या आणि त्या लाल मण्यांचा नुसता चिकट डाग राहिला होता. मी म्हटलं, हवाच तशी होती, माझेही दोन नमुने गेले. माझं एकही पान गेलं नव्हतं.

तिने तो कागद खाली ठेवला. मग तिने विचारलं, “आणि तुझ्यातली ती एक?”

“तीही गेली.”

हे मी ठरवून म्हटलं नाही. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर मला कळलं की मी गेले बारा दिवस याच उत्तरासाठी जगत होते. ती “अच्छा” म्हणाली. मग खाली वाकून तो वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलला. गाठ तिने मारली होती तशीच होती. तिने अंगठा त्या गाठीवरून फिरवला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि गठ्ठा पिशवीत घालून ती निघून गेली.

त्याच संध्याकाळी मी फांदी प्रेसमधून काढून घरी नेली होती, आणि ट्रंकेखाली ती उत्तम वाळली होती. पानांचा राखाडी रंगही टिकला होता. मी ती पांढऱ्या शीटवर दोऱ्याने शिवली. बुंध्याला हळदीची एक पिवळी रेघ होती. ती ब्लेडने खरवडली, तरी थोडी राहिली. लेबलावर संग्राहक म्हणून माझं नाव घातलं. मग सरांना एकटं गाठून सांगितलं की त्या सकाळी मीही बरोबर होते, आणि एक फांदी माझी आहे. शीट नसल्यामुळे सरांची झोप उडाली होती. त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिथल्या तिथे तिलाही बोलावून घेतलं आणि शीट टेबलावर आमच्या दोघींच्या मधे ठेवली.

तिने ती बघितली. पिवळी रेघही बघितली, कारण तिची नजर तिथे थांबली. मी टेबलाच्या कडेला धरून उभी होते. आता ती सांगणार, चार दिवसांपूर्वी ही मला ‘तीही गेली’ म्हणाली होती. सरांनी विचारलं, ही फांदी हिचीच ना? तुला काही म्हणायचं असेल तर आत्ताच सांग, मुळांचा डबाही मग हिच्याकडेच द्यावा लागेल.

“नाही सर. फांदी ताईंचीच आहे.”

एवढंच. माझं नाव पाठवलं गेलं आणि मी गेले. स्टेशनवर ती पोचवायला आली होती, प्रवासात पोट बिघडू नये म्हणून पाच पुड्या घेऊन. आई माझ्या गळ्यात पडून रडायची ती तिच्या गळ्यात पडून रडली. गाडी सुटल्यावर मला जे वाटलं ते अपराधाचं असायला हवं होतं. पण वाटला तो संताप. हिने माझ्यासाठी खोटं का बोलावं? मोठेपणा करायला हिला कुणी सांगितलं? तिने भांडण केलं असतं तर मी तिच्याशी भांडले असते आणि आम्ही दोघी सारख्या झालो असतो. तिने मला भीक घातली आणि वर पुड्याही दिल्या, असं माझ्या मनाने धरलं, आणि ते मी पुढे वीसबावीस वर्षं धरून ठेवलं.

त्या दोन वर्षांत फार काही झालं असंही नाही. यंत्राने त्या मुळांचं जे सांगितलं ते तिच्या काचेच्या पट्टीने आधीच सांगितलं होतं, मूळ कसदार आहे. एक लहानसा लेख झाला, त्यावर माझं नाव आलं. मी परत आले, अधिव्याख्याता झाले, लग्न माझ्या सवडीने झालं. तिची पीएच.डी. अर्धवट राहिली. ती दवाखान्यात बसू लागली. आसपासच्या गावांचे शेतकरी सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या रानात असगंध लावायचा म्हणून बियाणं विचारायला तिच्याकडे यायचे, माझ्याकडे नाही. माझ्या नावाआधी डॉक्टर होतं, आणि ते शेतकरी मला विद्यापीठाच्या फाटकात थांबवून तिच्या दवाखान्याचा पत्ता विचारायचे. मी तोही सांगायची, अगदी नीट, डावं-उजवं करून, आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडायची.

अलीकडे विभागाने जुन्या नोंदवह्या गोळा करायला घेतल्या आणि ते काम हर्बेरियमची, म्हणजे अशा शीटच्या संग्रहाची, प्रमुख म्हणून माझ्याकडे आलं. मी तिला निरोप पाठवला, खरं तर ती येणार नाही अशा आशेने. ती आली. कापडी पिशवीत चार वह्या होत्या. केस माझ्याहून कमी पिकलेले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, असं म्हणाली. माझ्या आईचं विचारलं. चहा घेतला, वह्या ठेवल्या आणि दवाखान्याची वेळ झाली म्हणून उठली.

ती गेल्यावर मी ते पान शोधलं. मला बघायचं होतं की तिने चार फांद्यांची नोंद केली आहे का, म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा शिल्लक आहे का. नोंद होती. सुरेख अक्षरात जागा, तारीख, झाडाची उंची, फळांचा रंग. त्याखाली लिहिलं होतं: ‘बोलावलं दोघींनी. फांद्या तीन माझ्याकडे, एक ताईंची, त्यांच्या प्रेसमध्ये, त्यांच्या नावे लावावी.’

मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. तारीख त्याच सकाळची होती. दगडावर बसून लिहिलेलं, मी म्हशी बघत होते तेव्हा. म्हणजे सरांच्या टेबलापाशी ती माझ्यासाठी काही खोटं बोलली नव्हती. गाठ मारणाऱ्याची फांदी, हा तिच्या बाबांचा कायदा, आणि मी गमतीने का होईना, गाठ मारली होती. ती खरं तेच बोलली. त्या खोलीत खोटं बोलणारी एकटी मीच होते, आणि तेही जे माझंच होतं त्याच्यासाठी. माझी फांदी माझ्याकडे होती, आणि तिच्या तीन फांद्या मी कुजू दिल्या.

हर्बेरियममध्ये जुनं लेबल कधी काढत नाहीत, खोडतही नाहीत. काही चुकलं असेल तर शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही पुढच्याला दिसतं. मी शीट काढली. पिवळी रेघ अजून होती. माझं लेबल मात्र बरोबरच होतं, संग्राहक मी. तिच्या वहीने माझं लबाडीचं लेबल आधीच खरं करून ठेवलं होतं, मला दुरुस्त करायला काही जागा ठेवली नव्हती. याचाही मला राग आला. चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ बसले. शेवटी लिहिलं: ‘या झाडाच्या फांद्या चार. बोलावलं दोघींनी. कागद बदलले एकाच प्रेसचे.’ खाली सही केली, तारीख घातली आणि चिकटवली. चिठ्ठीतलं माझं अक्षर तिरकं आलं होतं, आणि शेजारी उघड्या पडलेल्या वहीमुळे ते जास्तच तिरकं दिसत होतं.

वह्यांचे फोटो काढून झाले तेव्हा मी तिला बोलावलं. वह्या दिल्या आणि शीट समोर ठेवली. तिने पर्समधून चष्मा काढला, आधी फांदी बघितली, मग चिठ्ठी वाचली. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे ताई, जुनी गोष्ट. तसं ती म्हणाली असती तर मी तिला कधीच माफ केलं नसतं.

“त्या गठ्ठ्याची गाठ मी घरी जाऊन सोडली,” ती म्हणाली. “बाबांचा हात चालत नव्हता ना. त्याच कागदात मी पुड्या बांधायला बसले. तुला स्टेशनवर दिल्या, त्या पाच त्यातल्याच होत्या.”

तिने चष्मा पुसून पर्समध्ये ठेवला आणि वह्या पिशवीत घातल्या. मी शीट उचलून कपाटात जागेवर ठेवली.